मुहूर्तावर निघालेले नाना

१

नानांचा मुहूर्तावर विश्वास नव्हता. पण बायकोच्या अबोल्यावर पुरेपूर होता. म्हणून गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला, ठरल्या मिनिटाला, ते हातात एक हिरवं गाठोडं घेऊन मुकाट्याने जिना उतरले आणि खालच्या मजल्यावरच्या स्नेहाची बेल वाजवली.

त्याचं असं झालं होतं. नाना आणि सुधा आठ महिने फ्रँकफर्टला मुलाकडे, विश्वेशकडे, राहिले होते. परतीचं तिकीट काढताना विश्वेशने शनिवार पाहिला, तिथी नाही पाहिली. शनिवारी नेमकी अमावास्या. सुधाचं माहेर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांचं. अमावास्येला घराबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे तिच्या लेखी आ बैल मला मार. विमान काही सुधासाठी थांबणार नव्हतं. मग तिने माहेरचा जुना तोडगा काढला.

"प्रस्थान ठेवू," ती म्हणाली. "चांगल्या वेळेला आपली एखादी वस्तू शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. म्हणजे तुम्ही तेव्हाच निघालात. घरातल्या कर्त्या माणसाचं ठेवलं की सगळ्यांचं होतं. शनिवारी जाताना ते उचलायचं, बस."

"म्हणजे मी गुरुवारी निघालो?"

"हो."

"आणि शनिवारपर्यंत इथे जेवणार-झोपणार तो कोण?"

"तुम्हीच. पण निघालेले."

"बरं. आणि शेजाऱ्यांकडून ते परत घरात आणलं तर?"

"तर निघणं रद्द. पुन्हा पंचांग काढायचं."

"आणि जाताना उचलायचंच विसरलो तर?"

सुधाने खणाची गाठ मारता मारता वर पाहिलं. "मला काय माहीत? आमच्यात आजवर कुणी विसरलेलं नाही."

गाठोड्यात मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड आणि नानांचा जुना मरून मफलर होता. स्नेहा मूळची मनमाडची, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने गाठोडं दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "काका, सुखरूप पोचा हं." नाना हसून पुन्हा वर आले आणि राहिलेला चहा प्यायले.

शनिवारी टॅक्सी दारात आली आणि सुधाने त्यांना गाठोडं आणायला पिटाळलं. नाना जिन्यात स्नेहाच्या दारापाशी क्षणभर थांबले. आता बेल वाजवायची, मग चहा घ्याच म्हणणार, मग गुडघ्यांची चौकशी, मग उशीर. ते तसेच खाली आले.

"घेतलं?"

"घेतलं."

नाना खोटं क्वचित बोलत, आणि बोलत तेव्हा झकास बोलत. सुधाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि टॅक्सी निघाली.

२

या प्रवासाची घाई सुधापेक्षा नानांनाच जास्त होती, पण ते कबूल कोण करणार?

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, तेजश्रीने, हरसूलच्या रुद्रशी लग्न केलं होतं. मुलगा कृषी पदवीधर, स्वतःची रोपवाटिका, निर्व्यसनी. नानांना त्यात खोट काढता येईना, म्हणून ते जास्तच चिडले. "डोंगरात नागली लावायला शिकवलं होतं का तुला?" असं भर घरात म्हणाले. लग्नाच्या दिवशी गेले नाहीत. घरी बसून बिघडलेला मिक्सर दुरुस्त करत राहिले. त्यानंतर बापलेकीत शब्द नाही. आता तेजश्रीला मुलगी झाली होती, अडीच महिन्यांची, आणि आईबाबा नाशिकला परत येईपर्यंत बारसं करायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "बाबासुद्धा?" असं सुधाने फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबांनी एकदा, चुकलं माझं, म्हणावं. बाकी मला काही नको."

दोनच शब्द. बहात्तर वर्षांत नाना ते कुणालाही म्हणाले नव्हते. बायकोला नाही, साहेबाला नाही.

विमानतळावरच्या गेटवर यंत्राने सुधाचा पास घेतला, हिरवा दिवा लागला. नानांचा पास टेकवला आणि लाल दिवा लागून यंत्र कुरकुरलं.

"तुम्ही आत गेलेले आहात," काउंटरवरची मुलगी इंग्रजीत म्हणाली.

"मग इथे उभा आहे तो कोण?" नाना म्हणाले.

तिने पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, नानांना पाहिलं. मग मान वळवून विमानाकडे जाणाऱ्या लांबलचक बोळकांडीत पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. शेवटी हाताने काहीतरी लिहून त्यांना सोडलं.

नाना वीजमंडळात चौतीस वर्षं होते. मीटर कधी कधी उगीच पुढे पळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मीटरचं पळणं घरमालकाने मनाला लावून घ्यायचं नसतं. त्यांनी आपली जागा शोधली, पट्टा बांधला आणि डोळ्यांवर काळी पट्टी चढवून ते पुटपुटायला लागले. चुकलं माझं. चुकलं माझं. प्रत्येक वेळी पहिल्या शब्दानंतर खोकला यायचा.

त्या खोकल्यातच त्यांना झोप लागली. थेट दुबईच्या उजेडात जाग आली.

३

जाग आली तेव्हा सुधा त्यांच्याकडे पाहत होती. इतक्या प्रेमाने की नानांनी आधी मागे वळून कोण आहे ते पाहिलं.

"किती वेळ पाय चेपलेत हो रात्री," ती म्हणाली. "मी नको नको म्हणत होते, लोक काय म्हणतील. पण सूज बघा, पार उतरली."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात नानांनी तिचे पाय कधी चेपले नव्हते, आणि ही गोष्ट त्या दोघांनाही नीट ठाऊक होती. नाना म्हणणार होते, अगं, स्वप्न पडलं असेल तुला. पण तिच्या घोट्याला बामचा वास येत होता. बामची बाटली मोठ्या बॅगेत होती, आणि मोठी बॅग विमानाच्या पोटात.

"हं," नाना म्हणाले.

दुबईला विमान बदलायचं होतं. सुधाला खुर्चीवर बसवून नाना पाण्याची बाटली भरायला गेले. परत आले तर तिच्या मांडीवर खजुराचा डबा, आणि ती शाळकरी पोरीसारखी खुसखुसत होती.

"हा कुठून आणलास?"

"मी? आत्ताच तर देऊन गेलात! म्हणालात, तेजू लहानपणी फळीवर चढून खजूर चोरायची, म्हणून घेतला. अहो, मी विसरलेच होते ते. तुमच्या बरं लक्षात राहिलं!"

नानांच्या लक्षात राहिलं नव्हतं. आत्ता तिने सांगितल्यावर आठवलं: फळी, स्टूल, स्टुलावरची फ्रॉकातली पोर. ते बायकोशेजारच्या खुर्चीवर बसले. खुर्ची ऊबदार होती.

"हो, दिसला, घेतला," ते म्हणाले. फुकटचं श्रेय कुणी नाकारतं का?

मोबाइलवर स्नेहाचा निरोप आलेला होता. 'काका, गाठोडं राहिलं हो! खुर्चीवर जसंच्या तसं आहे. काय करू?' नानांनी सुधाकडे तिरक्या नजरेने पाहिलं, निरोप पुसून टाकला आणि फोन बंद करून खिशात घातला.

४

मुंबईला उतरले तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सामान घेऊन बाहेर आले तर रुद्र समोरच उभा. नाना या क्षणाला पार फ्रँकफर्टपासून घाबरत होते. जावयाशी पहिला शब्द काय बोलायचा? पण रुद्रच धावत आला, वाकून पाया पडला, आणि उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"बाबा, मघाशी फोनवर तुम्ही जे बोललात ना... फोन ठेवल्यावर पाच मिनिटं मी पार्किंगमध्ये नुसता उभा होतो. लय बरं वाटलं."

"कधी केला मी फोन?"

"हे काय, बारा चाळीसला." त्याने कौतुकाने मोबाइल पुढे केला. नानांचं नाव, नानांचा नंबर, बारा चाळीस. "म्हणालात, माझी मुलगी सुखात आहे ती तुझ्यामुळे, मला दिसत होतं पण मान्य करायचं नव्हतं."

बारा चाळीसला विमान आकाशात होतं. नानांनी खिशातला फोन बाहेर काढला. तो दुबईपासून बंद होता.

गाडीत बसल्यावर नानांचं डोकं भराभर चालू लागलं. हल्ली आवाजाची नक्कल करून फोन करणारे भामटे निघालेत, पेपरात येतं. ठीक. पण भामटा फोन करून पैसे मागेल. सासऱ्याच्या आवाजात जावयाचं कौतुक करणारा भामटा अजून पोलिसांनाही सापडलेला नसावा. मग ही सुधाची करामत? तर ती मागच्या सीटवर रुद्रला विमानातले पाय चेपल्याचे किस्से सांगत होती. खोटं तिला जमत नसे. तो प्रांत नानांचा.

आणि खरी गोष्ट अशी, की त्या गाडीत इतका आनंद होता की त्यात संशय काढायला नानांना लाज वाटत होती. चार वर्षांत सुधा अशी हसली नव्हती. रुद्र मोकळेपणाने बाबा, बाबा म्हणत होता. नानांनाही तो फार आवडला. हे बोलायला हवं होतं आणि ते बोललं गेलं होतं, फक्त नाना बोलले नव्हते.

५

घाट चढून वर आल्यावर रुद्रने चहाला गाडी थांबवली. सुधा आत डुलक्या घेत होती, रुद्र टायरमधली हवा बघायला खाली वाकला. नाना एकटेच टपरीपाशी गेले. टपरीवाल्या म्हातारीला येणारेजाणारे धोंडाबाई म्हणून हाक मारत होते.

"काय काका, परत?" ती म्हणाली. "बिनसाखरेचाच ना?"

नानांचा चहा बिनसाखरेचाच असे.

"मघाशी पिऊन गेलात की. त्यो मरून मफलर कुठं टाकला? चांगला शोभत व्हता."

मफलर गाठोड्यात होता. गाठोडं फ्रँकफर्टला स्नेहाच्या खुर्चीवर होतं.

"मी कशाने आलो होतो, आजी?" नानांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कशानं काय, चालतच की. ह्या कडंकडंनं." तिने हात लांब करून रस्त्याची कड दाखवली. मालट्रका धुरळा उडवत चालल्या होत्या. "म्हनलं जरा बसा, तर म्हनले नाय, नातीचं तोंड बघायचंय. लय खुशीत व्हता." आणि मग आपल्याच गमतीवर हसत म्हणाली, "आत्तापत्तुर पोचलाबी असाल."

चहाचा पेला तसाच ठेवून नाना गाडीकडे निघाले. आता मीटर, भामटे, काहीच पुरेना. कुणीतरी गुरुवारी नऊ चाळीसला निघालं होतं, चांगल्या वेळेवर, आणि आज दिवसभर त्यांच्या चार पावलं पुढे चाललं होतं. त्यांच्या वाटणीचं सगळं करत चाललं होतं. आता करण्यासारखं एकच उरलं होतं, ते दोन शब्द. आणि ते जिला म्हणायचे, ती नाशकात वाट बघत होती.

"रुद्र," नाना म्हणाले, "जरा जोरात घे, बाबा."

"सावकाश जाऊ, बाबा. घाई काय?"

"घाई आहे," नाना म्हणाले.

६

इगतपुरीपासून त्यांनी खिडकीबाहेरची नजर हलवली नाही. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ते वळून बघत होते. कुणाच्या गळ्यात मफलर दिसला की ते काचेला नाक लावायचे आणि गाडी पुढे गेली की तो कुणी भलताच निघायचा. नाशिकमध्ये शिरल्यावर तर सिंहस्थाच्या तयारीने रस्ते जागोजाग खोदलेले. पाथर्डी फाट्याला गाडी पंचवीस मिनिटं जागची हलली नाही. पायी चालणारी माणसं मात्र खड्ड्यांच्या कडेकडेने आरामात पुढे निघून जात होती.

बारसं दुसऱ्या दिवशी हॉटेलातच होतं. नानांचा फ्लॅट भाड्याने दिलेला, रुद्रचं घर दोन खोल्यांचं, म्हणून त्याने गंगापूर रोडवर एक छोटं हॉटेल ठरवलं होतं. तेजश्री बाळाला घेऊन दुपारीच आली होती. गाडी थांबते न थांबते तोच सुधा खजुराचा डबा पोटाशी धरून लिफ्टकडे पळाली. साठीच्या पुढच्या बाईने असं पळू नये, पण तिला कोण सांगणार? रुद्र सामान उतरवून गाडी लावायला गेला.

नाना काउंटरपाशी उभे राहिले. वर जाण्याआधी त्यांना तो खोकला एकदाचा खोकून टाकायचा होता.

काउंटरवर वैष्णवी नावाची मुलगी होती, छातीवर तशी पट्टी होती. नानांनी आधारकार्ड पुढे केलं.

"सर, तुमची नोंद झालीय की. चावीपण दिली मघाशी."

"दाखव बघू."

तिने रजिस्टर फिरवलं. नानांचं अक्षर. खाली सही, आणि सहीखाली दोन रेघा. पहिली नोकरी लागली त्या दिवसापासून नाना सहीखाली दोन रेघा मारत, दुसरी पहिलीपेक्षा लहान. शेजारी वेळ होती, पाच दहा. आता सहाला दहा कमी होते.

"कसे होते ते?" नानांनी विचारलं.

"कोण, सर?"

"ज्यांनी सही केली ते."

वैष्णवीला वाटलं म्हातारबाबा थट्टा करतायत. "तुमच्यासारखेच होते, सर," ती हसली. "फक्त जरा खुशीत होते."

७

तिसऱ्या मजल्यावरचा बोळ लांब होता आणि गालिच्यामुळे पावलांचा आवाज येत नव्हता. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन नाना चालत होते. तीनशे दोनचं दार किलकिलं होतं, आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. सुधाचा. तेजश्रीचा, चार वर्षांनी. आणि आणखी एक, जो नानांनी कधी बाहेरून ऐकला नव्हता, पण लगेच ओळखला.

त्यांनी फटीतून पाहिलं.

पलंगाच्या कडेला पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. मागचं टक्कल, वाकलेला उजवा खांदा, गळ्यात मरून मफलर. पायांतले बूट धुळीने पांढरे झालेले. त्या खांद्यावर डोकं टेकून तेजश्री रडत होती आणि हसत होती. मांडीवरच्या दुपट्यातून एक चिमुकली मूठ बाहेर आली होती आणि तिने मफलरचं टोक घट्ट धरलं होतं.

"चुकलं माझं, तेजू," तो माणूस म्हणाला. मध्ये खोकला आला नाही.

"बाबा, पुरे आता, किती वेळा म्हणाल!"

नानांचे डोळे भरून आले. भीती होती, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी आनंदच जास्त होता. पोर हसत होती. ज्या दोन शब्दांसाठी ते अख्खी पृथ्वी ओलांडून आले होते ते तिला मिळाले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दार ढकलायला हात उचलला.

तेवढ्यात सुधाने वर पाहिलं.

तिने दारातल्या नानांना पाहिलं. मग पलंगावर बसलेल्याला पाहिलं. मग पुन्हा नानांना. ती दचकली नाही, किंचाळली नाही. तिला केव्हापासून ठाऊक होतं, हे नानांनी स्वतःला विचारलं नाही. ती हलक्या पावलांनी दाराशी आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. पूर्वी तेजू पाळण्यात झोपलेली असताना नाना कामावरून यायचे, तेव्हा अगदी असंच ठेवायची. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती विनवणी होती. मग तिने दार हळूच लोटून घेतलं आणि कडीचा बारीक आवाज झाला.

नाना बोळात उभे होते. फोन त्यांनी रस्त्यात पुन्हा चालू केला होता, तो खिशात थरथरू लागला. स्नेहा होती.

"काका, पोचलात ना? अहो, मी विश्वेशच्या दारातच उभी आहे. ते तुमचं गाठोडं त्यांच्या घरी देऊन टाकते, उगाच माझ्याकडे कशाला? फक्त हलकं कसं लागतंय हो? गाठ तशीच आहे, पण आत नुसते तांदूळच आहेत की काय?"

परत घरात आणलं तर निघणं रद्द. फक्त 'दे' म्हणायचं होतं. मग हे दार त्यांच्यासाठी उघडलं असतं, आणि आत तेजश्री असती, चार वर्षांपूर्वीची, वाट बघणारी. आणि त्यांच्या घशात तो खोकला असता.

दाराआड कुणीतरी अंगाई म्हणायला लागलं होतं. सूर नानांचा होता, पण नानांना गाता येत नव्हतं. बाळाने हुंकार दिला.

"काका? ऐकताय ना? देऊ?"

"नको," नाना म्हणाले. "घरात नेऊ नकोस. तुझ्याकडेच असू दे."

"कधीपर्यंत?"

"उद्या बारसं आहे," नाना म्हणाले. जरा वेळ ते आतलं गाणं ऐकत राहिले. "तेवढं होऊन जाऊ दे."

त्यांनी दोन्ही पिशव्या दाराशी भिंतीला नीट टेकवून ठेवल्या, सकाळी सुधाला सापडतील अशा. मग ते जिन्याने सावकाश खाली उतरले. काउंटरवर वैष्णवी फुलांच्या माळा मोजून घेत होती. त्यांना पाहून तिने मान वर केली.

"एखादी खोली रिकामी आहे का?" नानांनी विचारलं. "एका माणसापुरती."

"आहे की, सर. तुमचे पाहुणे का?" तिने रजिस्टर उघडलं आणि पेन उचललं. "नाव काय लिहू?"